सव्वीस चैत्र चपलांपाशी

नकाशांच्या ट्रंकेला वाळवी लागली नसती तर मी उरलेलं आयुष्यही पायरीवर बसूनच काढलं असतं. वाळवीचे उपकार आहेत माझ्यावर.

पाडव्याच्या आधीची साफसफाई चालली होती. आमच्याकडं पाडव्याला उगादी म्हणतात. माझं माहेर दुधनीचं, सासरही निम्मं कानडी बोलणारं. माळ्यावरची हिरवी ट्रंक खाली काढली. ती ह्यांची. हे म्हणजे माझे मिस्टर, सोलापुरात एकाच शाळेत जन्मभर इतिहास शिकवला, आता रिटायर झालेत. "नकाशे आहेत त्यात, हात लावू नको," असं लग्न झाल्यापासून ऐकत आले होते, आणि मी पण अशी गुणाची की खरंच कधी लावला नाही. हे गुडघा दाखवायला दवाखान्यात गेलेले. झाकण उघडलं तर मातीचा भुगा, कुजक्या कापडाचा वास आणि नकाशांच्या गुंडाळ्या. निम्मं मराठी साम्राज्य वाळवीनं खाल्लेलं. एकेक बाहेर काढत गेले. तळाशी वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं होतं. सुतळी सोडली.

सँडल निघाल्या. तपकिरी चामड्याच्या, पितळी बकलाच्या, दोन-चारदाच पायात घातलेल्या. माझ्या अप्पानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, लग्नात जावयाला घेतलेल्या. लग्नानंतरच्या पहिल्याच चैत्रात त्या अक्कलकोटला देवळाबाहेरून चोरीला गेल्या होत्या. आणि त्या माझ्यामुळं गेल्या होत्या, हे आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं, मला सुद्धा.

मी तिथंच फरशीवर बसले. डाव्या सँडलमध्ये एक पोस्टकार्ड खोचलेलं होतं. ते वाचलं. मग परत एकदा वाचलं. काय होतं त्यात ते सांगते, पण आधी अक्कलकोट सांगायला पाहिजे.

एकतीस वर्षं झाली. उगादीनंतरचा पहिला रविवार होता. "आपण दोघंच जाऊ," हे म्हणाले होते, आणि त्या 'दोघंच'वर मी आठवडाभर तरंगत होते. हिरवं इरकली नेसले होते, नवं, कडक, चालताना त्याचा आवाज यायचा. एसटीच्या खिडकीतून कडुलिंबाच्या मोहराचा वास येत होता. पाला एवढा कडू आणि मोहराला असा गोड वास कसा, असं मी ह्यांना विचारलं. ह्यांनी त्याचं काहीतरी कारण सांगितलं. मला कारण नको होतं, पण मी ऐकून घेतलं. नवी होते.

अक्कलकोटला ह्यांच्या मामांचं घर देवळापासून पाच मिनिटांवर. आधी तिथं टेकलो. मामी होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, करायला बसलेल्या, पुरणाला वेलदोडा घातलेला, तव्यावर तूप सुटलेलं. त्या वासानं भूक चाळवली. "दर्शन करून या, आलात की पानं वाढते," मामी म्हणाल्या. मला स्वयंपाकघरात घेऊन त्यांनी ओटी भरली, डोक्यात अबोलीचा गजरा घातला, हातात नारळाचं ताट दिलं. बाहेर आले तर हे पुढं निघालेले. मी मागनं, डोक्यावर पदर, नजर ताटावर. ह्यांच्या पायात काय होतं हे मी बघितलं नाही. तेवढंच एक बघितलं असतं तर.

देवळापाशी हे म्हणाले, "तू थांब बाहेर. मी आधी जाऊन येतो. गर्दी लई आहे, चपला कोण बघणार?"

"मी पण येते की," मी म्हणाले. "पहिलंच दर्शन आहे जोडीचं. कोण नेतंय चपला?"

कोण नेतंय चपला. हे तीन शब्द मला पुढं सव्वीस चैत्र ऐकवले गेले.

दर्शन छान झालं. कापूर, ओली फरशी, गुरवानं हातावर ठेवलेली खडीसाखर. बाहेर आलो, माझ्या चपला होत्या, ह्यांच्या सँडल नव्हत्या. हे शोधायला लागले. ढिगात शोधलं, पायरीखाली वाकून शोधलं, लोकांचे पाय निरखून बघितले. माझ्या चपलांना लागूनच निळ्या पट्ट्याच्या जुन्या स्लिपर पडलेल्या होत्या, अंगठ्याच्या जागी झिजून भोकं पडायला आलेल्या. गर्दी ओसरली तरी त्या तिथंच. कुणी नेईनात. मी भीतभीत म्हणाले, "उन्हाचं पाय भाजतील. ह्या घाला की तोवर, मामांच्या घरापर्यंत."

"दुसऱ्याच्या चपला घालू?" हे एवढ्या मोठ्यानं ओरडले की नारळवाल्या बाया वळून बघायला लागल्या. "मी काय चोर आहे? तुझ्या ह्या असल्या हौसेपायी गेल्या सँडल. म्हटलं होतं थांब बाहेर. कोण नेतंय म्हणे!"

मामांकडं गेलोच नाही. "मामाच्या दारात अनवाणी जाऊ? गावभर करतील," म्हणत हे मला तसंच स्टँडवर घेऊन आले. डांबर तापलेलं, ह्यांचे पाय एका जागी ठरत नव्हते, उड्या मारत चालले होते. मी मागनं. गजरा उन्हानं सुकला. भूक लागली होती पण सांगायची सोय नव्हती. तिकडं मामी पानं मांडून बसल्या असतील हे सारखं मनात येत होतं.

आठवड्यानं अप्पा आले, दुधनीहून, खास. त्यांच्या हातात नवीन सँडलचा खोका होता. माझे अप्पा आडत दुकानातले, आवाज असा की बाजार गप्प व्हायचा. त्या अप्पानं आमच्या सोप्यात, ह्यांच्यापुढं दोन्ही हात जोडले. "पोर आहे. लक्ष नसतं तिचं. एवढ्या वेळी पोटात घाला," म्हणाले. हे खुर्चीत बसलेले होते. उठले नाहीत. "असू द्या, असू द्या," एवढंच म्हणाले. चहा घेऊन मी दारात उभी होते. अप्पाचे ते जोडलेले हात मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि विसरायचे पण नाहीत मला.

त्या दिवसापासून माझी नेमणूक झाली. दर वर्षी उगादीनंतरच्या रविवारी आम्ही दोघं कुठंतरी जायचो, मूलबाळ झालं तेव्हा त्यांना सासूबाईंकडं ठेवून जायचो. शेजारणी म्हणायच्या, "नशीबवान हो तुम्ही, सर दर वर्षी फिरायला नेतात." नेत होते हे खरं. आणि नेऊन बाहेर बसवत होते हे पण खरं. हे आत जायचे, सगळं निवांत बघायचे, तासाभरानं यायचे. मी ह्यांच्या चपला, माझ्या चपला, पिशवी, पाण्याची बाटली आणि हेल्मेट राखत बसायची. माझी पाळी येईस्तोवर उशीर झालेला असायचा. "कळसाला हात जोड की. कळसाचं दर्शन म्हणजे दर्शनच," म्हणायचे आणि स्कूटरला किक मारायचे.

मी सोलापूर जिल्ह्यातले नि शेजारपाजारचे सगळे कळस बघितलेत. आतला देव कसा दिसतो ते विचारू नका.

विजापूरला गेलो तेव्हा हे घुमट बघायला वर चढले. मी खाली चिंचेच्या सावलीत. वरून माणसं ओरडत होती, शिट्ट्या मारत होती, पण बाहेर नुसती घूं घूं ऐकू यायची. हे घामाघूम होऊन आले. "तुझं नाव घेऊन हाक मारली मी, सात वेळा परत आली," म्हणाले. मी विचारलं, मला का नाही ऐकू आली? तर म्हणाले, "बाहेर कशी येईल? आतल्या माणसालाच येते." नान्नजच्या माळावर माळढोक बघायला गेलो. तिथं काय चपला काढायच्या नव्हत्या, मला वाटलं आज सुटले. तर म्हणाले, "गाडी कोण बघणार?" बसले गाडीपाशी. गवत पिवळं, वारा गरम, चंडोल वर जाऊन गात होता. माळढोक ह्यांनाही दिसला नाही. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण सांगते, बाहेरच्या जगाचाही एक चैत्र असतो, आणि तो माझा होता. तापलेल्या चामड्याचा वास. रसवंतीच्या चरकाचे घुंगरू. नुकत्याच धुतलेल्या पायरीवर पाणी सुकायला लागतं तेव्हा येणारा वास. कुडलच्या देवळाबाहेर एक कडुलिंब होता, त्याचा मोहर वाऱ्यानं गळायचा आणि सगळ्या चपलांत भरायचा, साखर पेरल्यासारखा. मी माणसं पायांवरून ओळखायला शिकले. टाचांच्या भेगांत काळी माती असेल तर मंद्रूपकडचा शेतकरी. जोडवी सैल झालेली बाई वाळलेली, म्हणजे आजारी. नवी नवरी चप्पल काढताना हमखास नवऱ्याच्या चपलेवर आपली ठेवते. मी ती उचलून बाजूला ठेवायचे. आत गेलेल्या सगळ्यांच्या चपला एकमेकींना टेकून बसलेल्या असायच्या, आणि त्यांच्यात मी.

हे बाहेर आले की शिकवणी सुरू. कोणत्या राजानं बांधलं, खांब किती, शिलालेखात काय. मधेच प्रश्न. "सांग बघू, मी आत्ता काय म्हणालो?" मी सांगायचे. पाठ व्हायचं सगळं, न बघता.

आणि मग जेवण. तेवढ्यासाठी मी यायची असं म्हणा. परतीच्या वाटेवर मंद्रूपला एक खानावळ होती, पत्र्याची, आमची दर वर्षीची. ज्वारीची गरम भाकरी, भरल्या वांग्याची येण्णगाई, वर तेलाचा लाल तवंग, शेंगाचटणी, ताज्या ताकाचा पेला. चुलीचा धूर डोळ्यांत जायचा तरी मी चुलीकडंच तोंड करून बसायचे, भाकरी फुगताना बघायला आवडायची. मालक विचारायचा, "काय देऊ सर?" हे म्हणायचे, "मला ताट. हिला अर्धी भाकरी आण, भाजी माझ्यातली घेईल. हिला काय भूक लागणार, ही बसूनच होती की."

ही बसूनच होती की. दर वर्षी. मालक हसायचा, हे हसायचे, मी पण हसायचे. अर्धी भाकरी किती घासांत संपते ते मला माहीत आहे. घरी येऊन, स्वयंपाकघरात उभ्यानं, मी डब्यातली कडक भाकरी चटणीबरोबर खायची.

कुडलला आम्ही सगळ्यांत जास्त वेळा गेलो. भीमा नि सीना मिळतात तिथं, जुनं दगडी देऊळ, आणि आत एक शिवलिंग आहे ज्याच्यावर अंगभर तोंडं कोरलेली आहेत, बोटाएवढी, शेकड्यांनी, एकासारखं दुसरं नाही. हे पहिल्यांदा बघून आले ते हसतच आले. "अगं, तिसऱ्या ओळीत, डावीकडं, एक तोंड अगदी तुझं आहे! अस्सं फुगलेलं!" गाल फुगवून दाखवले. पुढं दर वर्षी तेच. "बघून आलो तुझं तोंड. आहे जागेवर. फुगलेलंच आहे अजून."

मी म्हणायची, मला दाखवा की एकदा. "पुढच्या वर्षी," हे म्हणायचे.

सगळ्या आतल्या गोष्टींतली मला हवी होती ती ही एक. राजा नको, शिलालेख नको. कुणीतरी हजार वर्षांपूर्वी माझं तोंड करून ठेवलंय आणि ते जगानं बघितलंय, मी तेवढी सोडून. मग ती रोगाची दोन वर्षं आली, मग ह्यांचे गुडघे. फिरणं बंद पडलं. पुढचं वर्ष राहूनच गेलं.

आता पोस्टकार्ड. अक्कलकोटच्या मामांचं अक्षर, ते कधीच वारले. लिहिलं होतं:

"मागच्या रविवारी जेवायला न येता तसेच का गेलात? तुझी मामी दोन वाजेपर्यंत उपाशी बसली, सगळा ऊटा थंड झाला. नव्या सँडल देवळात चोरीला जातील म्हणून तूच माझ्या स्लिपर घालून गेलास, सँडल इथंच पलंगाखाली आहेत. ओळखीच्या माणसाबरोबर पाठवतो. माझ्या स्लिपर तिथंच सोडल्यास काय? असू दे, जुन्याच होत्या. सूनबाईस आशीर्वाद."

निळ्या पट्ट्याच्या. माझ्या चपलांना लागून. ह्यांनी स्वतःच्या पायांनी काढून ठेवलेल्या, आणि तासाभरात साफ विसरलेल्या.

कार्डावरचा पोस्टाचा शिक्का बघितला. अप्पा खोका घेऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवसाचा असावा, किंवा त्याच दिवसाचा. म्हणजे हे पत्र ह्यांना मिळालं तेव्हा अप्पाच्या जोडलेल्या हातांचा घामसुद्धा वाळला नव्हता. एक हाक मारायची होती मला. एक पोस्टकार्ड टाकायचं होतं दुधनीला. ह्यांनी काय केलं? सुतळीनं बांधलं, नकाशांखाली ठेवलं, आणि पुढच्या चैत्रात मला म्हणाले, "तू बस हितं. मागच्या खेपेचं आठवतंय ना?"

मला रडू आलं नाही. संताप आला. अप्पा गेले त्याला बारा वर्षं झाली. शेवटच्या आजारपणातसुद्धा मला म्हणाले होते, "लक्ष देत जा गं पोरी, वेंधळी आहेस." आपली पोर वेंधळी असं समजून माझा बाप गेला.

हे दवाखान्यातून आले. मी चहा दिला. काही बोलले नाही. बोलले असते तर अर्ध्या तासात मिटलं असतं. हे खोकले असते, "जाऊ दे, जुनं झालं," म्हणाले असते, संध्याकाळी टीव्ही लागला असता. मला ते असं स्वस्तात द्यायचं नव्हतं. उगादीला मी कडुलिंबाचा मोहर आणि गूळ कालवला, बेवु-बेल्ल, आणि ह्यांच्या हातावर ठेवला. मोहर जास्त, गूळ नावाला. हे तोंड वाकडं करून म्हणाले, "ह्या वर्षी लई कडू झालंय गं."

"व्हय," मी म्हणाले. "रविवारी कुडलला जाऊ या?"

हे खूश झाले! "माझ्या मनातलं बोललीस," म्हणाले.

माझ्या स्कुटीवरून गेलो. मी पुढं, हे मागं. पन्नाशीत शिकले मी, ह्यांना स्कूटर झेपेना म्हणून. "सावकाश की," "खड्डा बघ," "हॉर्न दे," एवढं वाटभर चालू होतं. दोन्ही बाजूंना रान नांगरून पडलेलं, ऊन दहालाच चढलेलं. मंद्रूपपाशी कडुलिंबांची रांग लागली आणि तो वास आला. एका क्षणापुरतं मला ते हिरवं इरकली अंगावर असल्यासारखं वाटलं, कडक, आवाज करणारं. 'दोघंच' म्हटल्यावर तरंगणारी ती पोरगी मला आठवली, आणि तिची एवढी कीव आली की मी गाडी जोरात सोडली. मागून हे ओरडले.

कुडलचा तो कडुलिंब आहे अजून, पण फांद्या छाटल्यात, सावली सरकून पलीकडं पडते. पायरीवर ऊन होतं. हे चपला काढून देवळाकडं वळले, सवयीनं.

"थांबा," मी म्हणाले. "बसा हितं. मी आधी जाऊन येते. चपला कोण बघणार?"

हे हसले. त्यांना चेष्टा वाटली. मी पिशवीतून पुडकं काढलं, वर्तमानपत्र सोडलं, आणि सँडल ह्यांच्या शेजारी पायरीवर ठेवल्या, बकल समोर करून. पोस्टकार्ड डाव्या सँडलमध्ये होतं तसंच.

"ह्या नीट राखा," मी म्हणाले. "एकदा गेल्यात चोरीला."

ह्यांच्या तोंडाकडं मी बघत उभी राहिले. घाई नव्हती. पहिल्यांदा ओळख पटली नाही, मग पटली, मग मान खाली गेली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी वळले आणि उंबरा ओलांडला.

आत गार होतं. पाकोळ्यांचा, तेलाचा, सुकलेल्या बेलाचा वास. पायांना दगड गुळगुळीत लागला, किती पायांनी गुळगुळीत केलेला, आणि आज त्यांत माझेही. लिंगापाशी एक म्हातारा पुजारी दिवा पुसत होता. मी वाकून वाकून बघायला लागले. तोंडंच तोंडं. मिशीवाली, ध्यान लावलेली, हसणारी, डोळे वटारलेली.

"काय शोधायलाव अक्का?" त्यानं विचारलं.

"माझं तोंड."

तो हसला नाही. दिवा जवळ धरला. "बसून बगा. हुबं ऱ्हाऊन दिसत न्हाय."

मी बसले. जन्मभर बाहेर बसले, आज आत बसले, ऐसपैस, मांडी घालून. पहिली ओळ सोडून दुसरी, दुसरी सोडून तिसरी. डावीकडं गेले. आणि होतं ते तिथं. खरंच होतं.

पण फुगलेलं नव्हतं. रुसलेलं तर मुळीच नव्हतं. ओठ घट्ट मिटलेले, जबडा आवळलेला, गाल आतून धरून ठेवलेले. राग गिळताना माणसाचं होतं तसं तोंड. मी रोज आरशात बघते ते. मी बोट लावलं.

मग माझ्या लक्षात आलं. म्हणजे ह्यांना दिसत होतं. एवढ्या बारीक तोंडातून माझं तोंड ह्यांनी बरोबर ओळखलं होतं, म्हणजे बाहेर पायरीवर बसलेलं माझं तोंड ह्यांना दर वर्षी नीट दिसत होतं. कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि त्याची गंमत करत होते. तोवर माझ्या मनात कुठंतरी, राखेखाली, एक बारीक दया होती; ती तिथं विझली. बरं झालं विझली.

मी पुष्कळ वेळ बसले. खांब बघितले, तुळईवरची अक्षरं बघितली, मागच्या दारानं घाट उतरून दोन नद्या मिळतात तिथं पाण्यात पाय सोडले. घाई कशाला? बाहेर आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. हे तिथंच बसलेले, शर्ट पाठीला चिकटलेला, सँडल मांडीवर, पोस्टकार्ड हातात. माझ्या चपलांत मोहर भरला होता. तो ह्यांनी झाडला नव्हता.

"अगं," हे म्हणाले. आवाज बसलेला. "पत्र आलं तवा अप्पा नवीन जोड देऊन गेले होते. मग कसं सांगणार? मला सांगायचं होतं गं."

"कधी?"

"असंच. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिलं."

"अप्पानं हात जोडले होते तुमच्यापुढं," मी म्हणाले. "तुम्ही उठला नव्हता."

उत्तर घ्यायला मी आलेच नव्हते. मी चपला घातल्या, मोहरासकट. हे सँडल पायरीवर ठेवून निघाले. "घ्या त्या," मी म्हणाले. "जातील." ह्यांनी उचलल्या. मंद्रूपपर्यंत मागच्या सीटवर त्या मांडीवर धरून आले. खड्डा बघ म्हणाले नाहीत, हॉर्न दे म्हणाले नाहीत. रस्ता किती छान आहे ते मला त्या दिवशी कळलं.

पत्र्याच्या खानावळीवर आता स्लॅब पडलाय, जुन्या मालकाचा मुलगा गल्ल्यावर असतो. चूल मात्र तीच. तव्यावरून भाकरी निखाऱ्यावर आली की तोच वास, तोच धूर. मी चुलीकडं तोंड करून बसले. हे समोर. सँडल ह्यांनी टेबलाखाली दोन पायांमध्ये ठेवल्या होत्या.

हा नवा मालक पाणी घेऊन आला. "काय देऊ सर?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मला ताट," मी म्हणाले. "दोन भाकरी, येण्णगाई, चटणी जास्त, ताक मोठ्या पेल्यात. आणि ह्यांना अर्धी भाकरी आणा. भाजी माझ्यातली घेतील." मी पदरानं घाम पुसला. "ह्यांना काय भूक लागणार? हे बसूनच होते की."

मालक मोकळं हसला. मी पण हसले, अगदी पूर्वी हसायची तशी. आणि समोर बघितलं तर ह्यांचे ओठ घट्ट मिटलेले, जबडा आवळलेला, गाल आतून धरलेले. तिसऱ्या ओळीतलं, डावीकडचं तोंड. हुबेहूब.

"फुगलाय कशाला एवढं?" मी म्हणाले, आणि गरम भाकरी मोडली. येण्णगाई झणझणीत होती. मी दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या, मग तिसरी मागवली.